शीड पुढं, बावटा मागं

दिघीच्या जेटीवर बाबा मला सोडायला आले, तेव्हा आगरदांड्याची फेरीबोट सुटायला पाचच मिनिटं होती. पलीकडून मुंबई, मुंबईहून विमान, नि थेट हॉलंड. आईच्या डोळ्यांना धार लागलेली. बाबांनी माझी बॅग बोटीत ठेवली नि म्हणाले, "पोचलीस की फोन कर. न्हाय आला तर समजेन, कामात हायस." झालं! एवढ्यावर लेकीची बोळवण.

वाडीतल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींनो, आज कबूल करून टाकते. इथल्या बंदराच्या शहरात नऊ वर्षं मी ऑफिसात सांगत आले, "वडिलांचा सीफूडचा बिझनेस आहे." बाबा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, चाळीस वर्षं दर्यावर गेली त्यांची, हे काही तोंडातून निघायचं नाही. त्याच मासळीवर मी शिकले, इंजिनिअर झाले, तरी लाज वाटायची. मेलीला अक्कल नव्हती, दुसरं काय!

यंदा बाबा आले. आईनं गुडघ्यांचं निमित्त काढून विमान टाळलं. रविवारी मी त्यांना ट्रामनं मोठ्या चौकात नेलं. तिथला दगडी विजयस्तंभ म्हणजे शहराची शान. बघता बघता मान दुखून येते. खाली चारी अंगांना ब्राँझची गलबतं, जिंकलेल्या आरमाराची. मी गाइडची टूर घेतली होती. जॅकेट घाला म्हटलं ते बाबांनी ऐकलं, पण डोक्यावरची टोपी काही काढली नाही.

गाइड म्हातारा, गोड बोलणारा. सगळे माना वर करून ऐकत होते. बाबा मात्र एकाच गलबतापुढं थबकलेले. मग एकदम त्यांचा दर्यावरचा आवाज लागला, "आगो, ह्ये केलंय कुनी? शीड पुढं फुगलंय न् बावटा मागं उडतोय! वारा हाय तरी कुठला?"

सगळे वळले. गाइडनं विचारलं, काय म्हणतायत? मी पटकन म्हटलं, "नथिंग."

तेवढं इंग्रजी बाबांना कळतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बरं, ऱ्हाऊ दे," म्हणाले नि गपचूप मागं जाऊन उभे राहिले. असे मागं उभे राहिलेले बाबा मी जन्मात पाहिले नव्हते.

मग मात्र मी गाइडला बाबांचं म्हणणं सांगितलं. गाइड म्हणाला, यांना कसं कळलं? म्हटलं, "माझे वडील मच्छीमार आहेत. आधी शिडाच्या होडीवर, मग इंजिनच्या बोटीवर." बाबांनी माझा स्कार्फ ओढून वाऱ्यात धरला. वारा पाठीवर, स्कार्फ पुढं. शीड पुढं फुगलं, तर बावटाही पुढंच उडायला हवा. गाइडनं चष्मा लावून गलबत पाहिलं नि कपाळावर हात मारला. इतकी वर्षं तो तेच दाखवत होता! टाळ्या पडल्या. बाबा लाजले हो, चक्क लाजले.

परवा जेवणाच्या सुट्टीत चौकातून जात होते. तोच गाइड नव्या घोळक्याला सांगत होता, भारतातून, दिघी नावाच्या गावातून एक कॅप्टन आला आणि त्यानं ही चूक पकडली. मी थांबून ऐकत राहिले. गाव सुटलं, गाव सुटलं म्हणून मी इतकी वर्षं रडले, आणि गाव इथं भर चौकात उभं! घोळक्यातली एक बाई हसून म्हणाली, गोष्ट छान रचलीय.

मी गर्दीत घुसले. म्हटलं, "रचलेली नाही, बाई. मी त्याच तांडेलाची लेक."