सर्किट बिघडलंय, असं नानांना सांगितलं

सकाळी ज्या सर्किटवरून ग्रुपवर तुम्हाला छळलं, त्याचं उत्तर मिळालंय. मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

केळीचं खोड आतून पोखरणाऱ्या अळीचा आवाज ऐकायला मी बारीक कंपनं टिपणारा पिझो सेन्सर आणि ऑप-अँप चिपचा अॅम्प्लिफायर बनवलाय. आज रावेरच्या आमच्या बागेत पहिल्यांदा खोडाला लावला, तर हेडफोनमध्ये नुसती कुरकुर.

मला वाटलं, सर्किटचाच आवाज. तुम्ही सुचवलंत ते सगळं केलं. ऑप-अँप बदलला, सेन्सरला समांतर मोठा रेझिस्टर जोडला, साधी वायर काढून शील्डेड टाकली. विहिरीवरची मोटारसुद्धा बंद केली. कुरकुर तशीच.

शेवटी वैतागून सेन्सर बांधावरच्या दगडाला चिकटवला. एकदम शांत.

पुन्हा खोडाला लावला, कुरकुर. शेजारच्या खोडाला, कुरकुर. त्या अख्ख्या ओळीत एकही खोड गप्प नव्हतं.

तेवढ्यात नाना, म्हणजे माझे वडील, घडांवरून हात फिरवत आले. "काय म्हनते रे तुही मशीन? बिघडली का?"

"हो नाना, बिघडली."

"राहू दे मंग. बाग तं चांगली आहे ना," म्हणाले आणि हसले.

आता समोर बसून निवांत जेवतायत. तुम्ही असतात तर कसं सांगितलं असतं?