बाबांना न कळलेली गाडी

मंडळी, बाबांची जुनी अमेरिकन गाडी आज अंबरनाथच्या गॅरेजमधून घरी आणली. कंपनीतून निघाली तेव्हा होती, अगदी तशी. तोच आकाशी रंग, तेच चकचकीत क्रोम आणि बाहेरून मागवलेलं मूळचं पेट्रोल इंजिन.

बाबांनी ती आयुष्यभर लग्नाच्या वरातींना भाड्याने चालवली. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसवलं होतं, तेव्हा सगळेच बसवायचे. कोपऱ्यावर तिचा खडखडाट ऐकू आला की आई चहा टाकायची.

आता बाबांना दिसत नाही. मी दारात गाडी लावली तरी ते खुर्चीतून हलले नाहीत. शेवटी हात धरून सीटवर बसवलं आणि इंजिन चालू केलं. ते बराच वेळ ऐकत राहिले.

"मस्त आहे रे. आवाजच नाही. कोणाची?"

"बाबा, आपलीच."

"आपली मला कळत नाही होय? ती कधी देतोय तो मेकॅनिक?" असं म्हणून ते दार चाचपत उतरले.

डिझेल इंजिन मी उल्हासनगरला भंगारात दिलंय. तिकडचं कोणी वाचत असेल तर सांगा, अशी इंजिनं लगेच तोडतात का?