तुळसाबाईच्या देवीची मागची भिंत

ठाकुर्लीजवळच्या जुन्या गावात तुळसाबाईशिवाय हळद लागत नाही. ती धवलारीण, लग्नात देवांना गाण्यातून बोलावणारी. तिनं नावानिशी हाक मारली की देव येतात. न येऊन जातील कुठे! आणि नवरीच्या अंगाला लागण्याआधी हळद जाते गावदेवीच्या देवळात. मागच्या काळ्या दगडी भिंतीवर नवरीनं तेल-हळदीचा पंजा उठवायचा, म्हणजे देवीला पोर कळली. तुळसाबाई माहेरानंही याच गावची; तिचा पंजाही तिथंच कुठंतरी खाली आहे, वर लेकींचे.

देऊळ नवं करायचं ठरलं. कमिटीचा अध्यक्ष तिचा पुतण्या दिपेश. म्हणाला, "काकी, जुनं सगळं काढायचं. आतून-बाहेरून इटालियन मार्बल! अख्खी डोंबिवली बघायला येईल."

म्हणजे पंजांची भिंतही जाणार, तुळसाबाईला कळलं. पण इटली म्हटल्यावर तिला नात आठवली. समृद्धी तिकडेच एका डोंगरावरच्या लहानशा गावात जुन्या इमारती सांभाळायचं शिकत होती. संध्याकाळी तिनं फोनवर तिथलं चर्च दाखवलं.

"आजी, इथे आधी त्यांच्या जुन्या देवांचं देऊळ होतं. मग लोकांनी धर्म बदलला, त्याच जागी चर्च बांधलं. भूकंपात पडलं, परत बांधलं. पण आतले हे खांब बघ, पहिल्या देवळाचेच."

"म्हंजे देव बदलला तरी खांब नाय काढलं?"

"नाही काढले."

"आन् आमचा दिपेश देवी तीच ठेवून भिंत काढतोय!"

दुसऱ्या दिवशी मीटिंगला तुळसाबाई वाटी घेऊनच गेली. टेबलावर मार्बलचा पांढराशुभ्र तुकडा ठेवलेला.

"दिपेश, तुझ्या पोरीची हलद कवा?"

"दिवाळीनंतर. तुम्हीच गाणार ना, काकी?"

"गाईन की. पंजा कुठं उठवायचा तिनं?"

"ह्याच्यावरच. काय उठून दिसेल!"

"बघू तरी." तिनं तेल-हळदीत हात बुडवला आणि दिला छापून.

सगळे हसले. दिपेशनं आधी रुमालानं पुसलं, मग घरी नेऊन साबणानं घासलं, शेवटी लिंबू चोळलं. पंजा जिथल्या तिथं, वर लिंबानं दगडाची चकाकी गेली ती वेगळीच. सकाळी तोंड पाडून तुकडा घेऊन आला.

"काकी, हे जातच नाही."

"हा तर एकट्या म्हातारीचा पंजा. गावच्या पोरी यायच्यात अजून."

आता देवळाच्या पुढच्या बाजूला मार्बल लखलखतो, लोक फोटो काढतात. मागची काळी भिंत तशीच आहे. दिपेशच्या पोरीनं तिच्यावर पंजा उठवला तेव्हा तुळसाबाईनं गावदेवीला बोलावलं, खाडीच्या देवाला बोलावलं आणि शेवटी नातीच्या त्या डोंगरावरच्या देवालाही.

दिपेश कुजबुजला, "काकी, तो कशाला?"

"खांब राखलेत त्यानं. त्याला आवतन नको?"