तीन बॅटऱ्या आणि एक चूड

मला प्रत्येक गोष्टीत खोड दिसते, असं आमचे डॉक्टर म्हणत. खोटं नव्हतं. बाटलीचं बूच सैल आहे, बँडेजची कड उसवली आहे, तराजूचं एक पारडं झुकतं आहे, हे मला आत शिरल्याबरोबर दिसायचं आणि दिसलं की तोंडातून निघायचं. म्हणूनच जव्हारहून दवाखान्यासाठी बॅटऱ्यांचे नमुने आले तेव्हा डॉक्टरांनी ती खोकी माझ्यापुढे सरकवली. "नर्सबाई, तुम्हीच बघा. तुमच्या हातून पास झाली ती बॅटरी डोंगरावरून पडली तरी फुटायची नाही."

तेव्हा संस्थान होतं. मी मोखाड्याच्या दवाखान्यात नर्स होते. वय तिशीच्या आतबाहेर. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला, मग मुंबईत सुईणपण शिकले आणि जिथे कोणी जायला तयार नव्हतं तिथली नोकरी घेतली. डॉक्टर जव्हारहून आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस मी, एक म्हातारा शिपाई आणि फडताळातल्या बाटल्या. शिपाई दिवस कलला की आपल्या घरी जाई. मग मी दवाखान्यामागच्या माझ्या खोलीपुढे ओट्यावर बसायची. गावातल्या बायका मला मान देत, पण ओट्यावर येऊन टेकत नसत. त्यांच्या लेखी मी सरकारी. एकटेपणाची सवय होते असं लोक सांगतात. मला झाली नाही.

मला सोबत होती ती एका उजेडाची.

ओट्यावरून समोर ओहळ दिसायचा आणि ओहळापलीकडच्या उतारावर एक सुटं घर. तिथे एक म्हातारी सुईण राहायची. माझ्या पहिल्याच अवघड बाळंतपणात आम्ही दोघी एका झोपडीत दिवसभर घाम गाळला होता. मूल आडवं होतं. मी पुस्तकातलं सांगत होते, ती हातातलं करत होती, आणि शेवटी तिचे हात बरोबर ठरले. संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर चहा प्यायली, वाळक्या काटक्यांची जुडी पेटवून घेतली आणि निघाली. त्या पेटत्या जुडीला तिकडे चूड म्हणतात. चालताना ती हलती ठेवायची, म्हणजे विझत नाही.

अर्ध्या तासाने पलीकडच्या उतारावर तिची चूड दिसली. एका जागी थांबली आणि तीनदा गोल फिरली. मी नुसती बघत राहिले. दुसऱ्या दिवशी शिपायाने मला समजावलं, "बाय, घरी पोचलं का मागं वळून चूड फिरवायची. जिथनं निघाला तिथल्या मानसानं आपला दिवा हालवायचा. मंग त्याला समजतं, यानं पघलं." माझ्याकडून उत्तर न गेल्यामुळे म्हातारी बराच वेळ अंगणात उभी राहिली असणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं आणि मी ओशाळले.

त्या संध्याकाळी मी अंदाजानेच कंदील घेऊन ओट्याच्या कडेला उभी राहिले. दिवस मावळला आणि तिकडे चूड फिरली. कुठून येणं नाही, जाणं नाही, तरी फिरली. मी कंदील हलवला. तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. दिवाळीनंतर तिचा मुलगा आणि सून मिठागरांवर कामाला जात ते वैशाखातच परतत, तोवर तिच्याही घरात दुसरं माणूस नसे. दिवसभरात कोणी माझ्याशी कामापलीकडचं बोललं नसलं तरी संध्याकाळी कोणीतरी मला विचारत होतं आणि मी उत्तर देत होते. एवढ्यावर माझं चाललं होतं.

तर त्या तीन बॅटऱ्या. पुस्तकात विजेरी लिहितात, पण आम्ही सगळे बॅटरीच म्हणायचो. जाड सेलच्या लांबलचक बॅटऱ्या मी शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांच्या हातात पाहिल्या होत्या. या मात्र लहान होत्या. बोटाएवढे दोन सेल, ज्यांना पुढे सगळे पेन्सिल सेल म्हणू लागले, ते एकापुढे एक बसायचे आणि बॅटरी कमरेला खोचली तरी जाणवायची नाही. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या माणसांसाठी त्यांतली एक निवडायची होती. मी खडूने त्यांच्यावर एक, दोन, तीन असे आकडे घातले आणि पदर खोचला.

आधी अंग पाहिलं. पहिलीचा पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर आत जायचा. मागचं झाकण फिरवताना आटे खरखरत, आणि दोन वेढे झाले की ते वाकडं बसे. दुसरीचं अंग बरं होतं, पण कानाशी नेऊन हलवली की आत खुळखुळ वाजायची. तळहातावर आपटली की दिवा डोळा मारायचा. अंधारात, पाय घसरता घसरता, असला चेष्टेखोर दिवा कोणाला हवा आहे? तिसरी पितळेची, वरून काळी, धरायला खाचा पाडलेल्या. झाकण लोण्यात फिरल्यासारखं फिरलं आणि नेमकं जाऊन थांबलं. स्प्रिंग ताठ. खटका पुढे सरकवताना बोटाला कळेल इतपत अडायचा, आपोआप पेटण्याची भीती नाही. मी ती ओट्यावरून खाली फरशीवर तीनदा टाकली, मग पाण्याच्या बादलीत बुडवली. काढली, पुसली, पेटवली. पेटली. शिपाई म्हणाला, "बाय, तू तिला मारायलाच निघालीस."

मग उजेड पाहिला. भर दुपारी औषधांच्या खोलीची खिडकी गोणपाटाने बंद केली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि चुना दिलेल्या भिंतीवर एकेक बॅटरी रोखली. पहिलीचा उजेड पिवळट, आणि त्याच्या मध्यभागी काळं भोक. जिथे बघायचं तिथेच नेमका अंधार. दुसरीचा पसरट, कडेला वेडीवाकडी वेटोळी, भिंतीवर कोणी ताक सांडल्यासारखी. तिसरीचा मात्र स्वच्छ, गोल, पांढरा. मधला ठिपका घट्ट आणि त्याच्याभोवती फिकट कडं. त्या फिकट कड्यातसुद्धा मला टिंचरच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचता आली. तिन्ही बॅटऱ्या रोज थोड्या थोड्या जाळून कुठली आधी मंदावते तेही पाहिलं. माझी वही भरत आली. असं मनाजोगतं काम मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

एकच परीक्षा उरली होती, लांब पल्ल्याची. ती भिंतीवर होईना. त्या संध्याकाळी पलीकडे चूड फिरली तेव्हा मी कंदील बाजूला ठेवला आणि तिसरी बॅटरी उचलली. हात हलू नये म्हणून ओट्याच्या खांबाला टेकवून धरली आणि थेट म्हातारीच्या घरावर रोखली. झोत ओहळाच्या झाडांपर्यंत स्पष्ट गेला, पुढचं दिसेना. पण तिकडून तो नक्की दिसत असेल, कंदिलापेक्षा दसपट छान दिसत असेल, असं मला वाटलं. मी बराच वेळ तशीच धरून ठेवली. म्हातारी खूश होईल, उद्या भेटल्यावर विचारील, अशा कौतुकात मी होते.

पलीकडची चूड मध्येच खाली गेली आणि विझली. तिच्या दारातून दिसणारी चुलीची लाल रेघही गेली.

दुसऱ्या दिवशी चूड दिसली नाही. मी बॅटरी पेटवून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मला राग आला. वाटलं, हिच्यासाठी एवढी उत्तम वस्तू पेटवते आहे आणि हिला त्याचं काही नाही. मग रागाची भीती झाली. आजारी असेल का? शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "कालच पाह्यली, मोळी घेऊन चालली व्हती." म्हणजे धडधाकट होती. म्हणजे तिला माझ्याशी नातं ठेवायचं नव्हतं. माझ्या बोलण्याने दुखावलेली माणसं मी मोजत बसले आणि तिच्याशी काय वावगं बोलले ते शोधत राहिले. जेवण गेलं. आठ दिवस मी स्वतःला समजावलं की एका चुडीवाचून कोणाचं अडत नाही. माझं अडत होतं.

नवव्या दिवशी दुपारीच ओहळ उतरून तिच्या घरी गेले. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मला पाहून सूप तिच्या हातातून खाली आलं.

"बाय? तू हायेस?"

"मी कुठे जाणार, आजे?"

"मी म्हटलं तू गेलीस. तुझा दिवा झुलायचा, तो तू. मंग तो नाय झाला आन् तिथं पांढरा डोळा लागला. हालत नाय, डुलत नाय. नुसता माझ्याकडं बघं." तिने माझा दंड धरून पाहिला, खरी आहे की नाही ते. "शिकारवाले येतात ना, त्यांचा दिवा तसा असतो. आंगावर पडला का सांबर जाग्यावर उभा ऱ्हातो. मंग बार निघतो. मी म्हटलं बायला धाडली कुठं, आन् कोन साहेब येऊन बसला. तव्हापून मी दिवस हाय तवर रांधते आन् चुलीवर राख लोटते."

"अंधारात बसतेस?"

"मंग काय करू? उजेड केला का त्यो बघंल."

मी तिच्या ओसरीवर खाली बसले आणि रडले. आठ दिवस आम्ही दोघी ओहळाच्या दोन बाजूंना बसून एकमेकींना गेलेल्या समजत होतो. मला ती तुटली म्हणून वाईट वाटत होतं, आणि तिला तर मीच उरले नव्हते. वर तिला अंधारात बसवणारी मीच होते, खांबाला हात टेकवून, हलू नये याची काळजी घेऊन.

मला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी परत गेले, शिपायाला दिवस मावळेपर्यंत थांबायला सांगितलं, ओट्यावरून तिसरी बॅटरी कशी रोखायची ते दाखवलं आणि पुन्हा ओहळ उतरून म्हातारीच्या अंगणात येऊन उभी राहिले. अंधारलं. तिकडे, माझ्याच घराच्या जागी, तो ठिपका लागला. माझी वही त्याला स्वच्छ, गोल, पांढरा म्हणत होती. इथून तो नुसता टक लावून बघत होता. मागे माणूस आहे याची कसलीच खूण नव्हती. बॅटरी माझी, शिपाई माझा, तरी मी दाराकडे एक पाऊल मागे सरकले.

म्हातारी माझ्यामागे दाराआड उभी होती. म्हणाली, "पघ. यात हात कुठं हाय? चुडीत हात दिसतो. मानसाचा उजेड हालतो."

तीन बॅटऱ्या मी फेकून, बुडवून, जाळून पाहिल्या होत्या. पण ज्याच्यावर उजेड पडतो त्याच्या जागी उभं राहून एकदाही पाहिलं नव्हतं. स्वतःची एवढी मोठी खोड मला दिसली नव्हती.

तिने मला चूड बांधून दिली. ओहळ ओलांडून मी वर चढले, शिपायाला घरी पाठवलं, आणि ओट्यावर उभी राहून आयुष्यात प्रथमच मी चूड तीनदा फिरवली. पलीकडे लगेच उत्तर आलं. तिचं फिरवणं मी ओळखायची. पहिला वेढा मोठा, दुसरा त्याहून लहान, आणि तिसरा अर्धाच, कारण उजवा खांदा तिला वर नेता येत नसे.

डॉक्टरांना मी तिसरी बॅटरीच योग्य म्हणून कळवलं. तिच्या अंगाबद्दल आणि झोताबद्दल माझं मत बदललं नव्हतं, वस्तू खरोखर उत्तम होती. खाली एक ओळ घातली, की पाड्यावर जाणाऱ्याने ही हातात हलती ठेवावी आणि कोणाच्या घरावर रोखू नये. डॉक्टर ती ओळ वाचून हसले, पण त्यांनी ती खोडली नाही. माझ्या वाट्याला आलेली बॅटरी मी पुढे बरीच वर्षं वापरली. संध्याकाळी ओट्यावर मात्र कंदीलच.

दोन वर्षं तसं चाललं. मग एका वैशाखात, तिचा मुलगा आणि सून नुकतेच परतले असताना, चूड नेहमीपेक्षा उशिरा दिसली. ती तीनदा फिरली. तिन्ही वेढे सारखे, मोठे, भरभर. तिसरा पुरा झाला. कोणा तरण्या बाईचा धडधाकट खांदा होता तो.

मी कंदील हलवला आणि तसाच हातात घेऊन ओहळ उतरले. अंगणात माणसं जमली होती. सून पुढे आली, तिच्या हातात चूड अजून धुमसत होती. "सासूनं सांगून ठेवलं व्हतं," ती म्हणाली, "मी गेले का पयली चूड बायला फिरवा. ती वाट पघत बसंल."

दिवाळीनंतर ती दोघं कामावर गेली आणि समोरचं घर बंद झालं. त्यानंतर मी मोखाड्यात आणखी चार वर्षं होते. त्या चार वर्षांत संध्याकाळी मी कंदील हलवला नाही असं म्हटलं, तर ते खोटं होईल.