रोवण्यावर गेलेला गडी

कबड्डीत दादाचा गुडघा गेला, तेव्हापासून आमच्या घरात त्या खेळाचं नाव काढायची सोय नव्हती. टीव्हीवर सामना लागला की तो उठून ढोरांकडे जायचा. मी ब्रह्मपुरीला कॉम्प्युटर शिकलेली. म्हटलं, मैदानात उतरता येत नाही ना, मग टीमच याच्या हातात देऊ. म्हणून मोबाईलवर खेळायचा एक गेम केला. गावची टीम सांभाळायची, सराव घ्यायचा आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, सामन्यांत उतरवायची.

मी स्वभावाची खडूस, खोटं मला खपत नाही. माझ्या गेममध्ये रोवणा, म्हणजे धानाची लावणी सुरू झाली की अर्धी टीम चिखलात. एसटी चुकली की सामना गेला. गुडघा दुखावला की अख्खा हंगाम घरी.

दादानं हौसेनं खेळायला घेतलं. पहिल्या गड्याला स्वतःसारखी मिशी लावली. थोड्याच वेळात त्या मिशीवाल्याचा गुडघा गेला आणि दादानं मोबाईल खाटेवर आपटला.

"काऊन, काय झालं?" मी विचारलं.

"सकाळपासून दुसऱ्याच्या वावरात रोवणाच करून राह्यलो. गुडघा बी दुखूनच राह्यला. आता मोबाईलमधी बी तेच करू का? हा खेळ हाय का पंचनामा?"

आई पोट धरून हसली. मला असा राग आला की जेवताना मी त्याच्याशी बोललेच नाही.

मग आमच्या बांधीत, धानाच्या वावरात, रोवणा लागला. तोवर दादाला गुडघ्यानं वाकता येईना, म्हणून त्याची जुनी टीम न बोलावताच आली. एकानं रोपांची पेंढी बगलेत मारली आणि "कबड्डी, कबड्डी" करत एका दमात चिखल पार करायला निघाला. मधेच सपशेल आडवा झाला. बांधावरून दादा ओरडला, "आउट!" बाया रोपं टाकून हसत होत्या. मी दादाशेजारी धुऱ्यावर उभी, आणि मला एकदम कळलं की हेही खरंच आहे. गेममध्ये मी फक्त कष्टांची हजेरी उतरवून घेतली होती, मजा बांधीतच विसरून आले होते.

गेममधला रोवणा मी काढला नाही. पण आता अख्खी टीम मिळून बांधी संपवते, पेंढी घेऊन एका दमात पळते, आणि पडला त्याला सगळे हसतात. दादा अंगणात बसून खेळताना असा ओरडू लागला की शेजारचे विचारायला आले.

मिशीवाल्याच्या नावापुढे अजून 'जखमी' लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "दादा, याले बरा करून देऊ का?"

"नोको. खोटं नोको करू," तो म्हणाला. "फक्त 'जखमी' पूस. 'रोवण्यावर गेला' लिही."

"काऊन?"

"रोवण्यावर गेलेला गडी वापस येते."

तिथंच बसून मी ते बदललं.

"आन् मिशी थोडी मोठी कर," दादा म्हणाला.