दोन डावे भोंगे

नवऱ्याने कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली. खरं तर त्याला ती घ्यायला लावली. मग त्याने घरीच लाकडी भोंग्याचे स्पीकर बनवायचं ठरवलं. सुभानपुऱ्यातल्या आमच्या घराचं गॅरेज रिकामं करून तिथे टेबल, करवत आणि लाकूड आवळून धरायचे शिकंजे मांडले. "नोकरीत एक काम धड पुरं करू दिलं नाही कोणी," तो म्हणाला. "हे मी करून दाखवणार." कोणाला, ते मला माहीत होतं. त्याच्या बरोबरीने लागलेला एक मित्र अजून नोकरीत होता, बढतीही घेऊन बसला होता.

मी तंत्रशाळेत यंत्ररेखन, म्हणजे यंत्रांचे नकाशे काढायला शिकवते. स्पीकरचा नकाशा बघायला मागितला, तर म्हणाला, "अगं, हे शाळेतलं नाही. तू लाकूड घासायचं बघ."

मी घासायला घेतलं.

पेट्या छातीएवढ्या उंच. खाली मोठा स्पीकर, वर भोंगा. भोंग्याचं तोंड तिरकं. डाव्या पेटीचं उजवीकडे वळलेलं हवं, उजव्या पेटीचं डावीकडे, म्हणजे दोन्हींचा आवाज मधल्या खुर्चीवर येतो. त्याने पुठ्ठ्याचा साचा कापला आणि सगळे तुकडे त्यावरून आखले. दुसऱ्या पेटीसाठी साचा उलटा ठेवायचा असतो. पण सागाच्या प्लायची चांगली बाजू वर राहिली पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. साचा तसाच राहिला. दोन्ही पेट्या डाव्या.

मला ते पहिल्याच दिवशी दिसलं. अजून गोंद लागला नव्हता. चार तुकडे पुन्हा कापले असते की भागलं असतं. मी बोलले नाही.

टेबलावर एका वेळी एकच पेटी मावायची. पहिली झाल्यावर त्याने ती चादरीत गुंडाळून भिंतीला लावली, आणि दुसरी करायला घेतली. त्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी त्याने कधी पाहिल्याच नाहीत. मी मात्र पॉलिशपेपरने दोन्ही घासत होते.

"इथे लाट दिसतेय, अजून हात फिरव."

"फिरवते."

चपड्याच्या पॉलिशचे हात चढवताना तो गुणगुणायचा. निवृत्तीनंतर प्रथमच. तेव्हा सांगता आलं असतं. मी त्याच्या हातात नवी चिंधी दिली.

पेट्या पुऱ्या झाल्यावर रविवारी दुपारी त्याने त्याच मित्राला बोलावलं. दोघांनी पेट्या हॉलमध्ये आणल्या, चादरी काढल्या, मध्ये खुर्ची ठेवली. मित्र खुर्चीत बसला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"अरे, दोघंही तिकडेच बघतायत की! वहिनी, हे सगळं संगीत तुमच्या स्वयंपाकघरासाठी आहे काय?"

नवरा खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. त्याला कळायला थोडा वेळ लागला.

"तुझे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते ना?" मित्र म्हणाला. "कवायतीत दोन्ही डावेच पाय टाकायचे वाटतं! बरं, एकाला शीर्षासन घाल. तोंड आपोआप फिरेल."

"मग भोंगा जमिनीला टेकेल," मी म्हणाले.

मित्र हसत सुटला. मीही हसले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"साचा ठेवलात तेव्हापासून."

"आणि घासत बसलीस?"

"तुम्ही घासायलाच सांगितलं होतं."

मित्राचं हसू थांबलं. चहा न घेताच तो निघाला. सोमवारी सगळा कारखाना हसला असणार, ते मला कोणी सांगायला नको.

नवऱ्याने त्यानंतर गॅरेजमध्ये पाय टाकला नाही. भंगारवाल्याला बोलवायला निघाला होता, मी अडवलं. साचा उलटा ठेवून मी उजवी पेटी स्वतः केली. सुट्टीच्या दिवसांत झाली. आवाज उत्तम आहे, चूक काढायला जागा नाही. संध्याकाळी मी मधल्या खुर्चीत बसून गाणी लावते. तो आतल्या खोलीत जातो आणि दार लावून घेतो. आवाज कमी करावा असं मला अजून वाटलेलं नाही.