वरणाची डाळ आणि चुन्याची निवळी

आई गेली त्याच साली माजलगावजवळच्या आमच्या गावातली घरची विहीर आटली. वडिलांनी बोअर घेतला. मी अंबाजोगाईला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा ते स्वतःच स्वयंपाक करत होते.

कुकरच्या कितीतरी शिट्ट्या झाल्या, तरी तुरीची डाळ खड्यासारखी. मी ताटात ती बोटानं चिरडून पाहिली.

"शिजतच न्हाई," वडील खाली मान घालून म्हणाले. "तुज्या आईच्या हाताला कशी लोण्यावानी व्हायची. माज्या हातालाच काय झालंय."

वर्षभर ते अशीच डाळ गिळत होते. शेजारणी डाळीत चिमूटभर सोडा टाकत. पण चुलीपुढच्या गोष्टी पुरुषाला कोण सांगणार? आणि त्यांनी तरी कुणाला विचारलं असतं?

मी पातेल्यात बोअरचं पाणी उकळलं. तळाशी पांढरा थर बसला.

"आण्णा, पाणी जड हाय. यात चुना विरघळलेला हाय, म्हणून डाळ शिजत नाही."

"मग?"

"चुना घालूनच काढायचा. तो विरघळलेल्याला घेऊन तळाशी बसतो."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मी पानाचा चुना पाण्यात कालवला, वरची निवळी हंड्यात थोडी थोडी ओतून ढवळत गेले. मधे हंड्यातल्या वाटीभर पाण्यात हळदीची चिमूट टाकून बघितली. तांबूस झाली असती तर निवळी जास्त झाली म्हणायची; ती पिवळीच राहिली. हंड्यातलं पाणी ताकासारखं गढूळ झालं.

"नासवलंस की गं!"

दुपारपर्यंत तळाशी पांढरा साका बसला. डोळ्यांना कधीच न दिसलेला क्षार आता बोटाला लागत होता. वरचं नितळ पाणी मी कापडातून गाळून कुकरला लावलं.

डाळ मऊ शिजली. वडिलांनी पळीनं घोटली आणि चाखली.

"म्हंजे माज्या हाताचा दोष नव्हता."

"नव्हता, आण्णा. आईला विहिरीचं हलकं पाणी होतं."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. इतके दिवस डाळ शिजत नव्हती, त्याहून मोठं काहीतरी त्यांनी एकट्यानं मनाला लावून घेतलं होतं, हे मला तेव्हा उमगलं.

आता ते रोज सकाळी निवळी घालून हंडा लावतात. परवा फोनवर म्हणाले, "वरण लई झालंय, शेजारी देऊन आलो."